योजना तयार आहे, पण सगळं परफेक्ट झाल्याशिवाय व्यवसाय सुरू करायला मन धजत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की आईच्या हातचा गोडा मसाला विकायचा विचार दीड वर्षापासून चालू आहे. पाच वर्षांचं एक्सेल तयार आहे, लोगोचे नमुने काढून झालेत, नावावर घरात एकमत नाही, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढावी की नको हे ठरत नाही, आणि नोकरी सांभाळून हे सगळं मनासारखं जमेपर्यंत पहिलं पाकीट विकायचं नाही असं तुम्ही ठरवलंय. मी पुण्यात मेतकूट, भाजणी आणि मसाले करून विकते, त्यावरच घर चालतं. म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एवढ्या मोठ्या यादीत मसाल्याबद्दल एकही प्रश्न नाही. आई धने मुठीने घेते, त्या मुठीचे ग्रॅम किती? भाजून, दळून, चाळून वजन किती घटतं? पाकिटात किती दिवसांनी खोबऱ्याला खवट वास यायला लागतो? काटेकोरपणा हवाच, त्यात गैर काहीच नाही. पण तुमचा सगळा काटेकोरपणा पाकिटाच्या बाहेरच्या गोष्टींवर खर्च होतोय.

येत्या सुट्टीच्या दिवशी वजनकाटा घेऊन आईशेजारी उभे राहा. तिला तिच्या पद्धतीनेच करू द्या, फक्त प्रत्येक जिन्नस कढईत पडायच्या आधी काट्यावर ठेवा आणि लिहून घ्या. पुढच्या घाण्याला पुन्हा मोजा, म्हणजे कळेल की तिची मूठ दर वेळी थोडी वेगळी पडते आणि ती कमी-जास्त वासावरून भरून काढते. घरात ते चालतं. गिऱ्हाइकाला मात्र दुसऱ्या पाकिटातही पहिल्यासारखीच चव हवी असते. दगडफूल नीट निवडा, त्यात सालीचे तुकडे आणि कचकच असते, आणि ते जरा जास्त भाजलं तर सगळा मसाला कडवट होतो. खोबरं बारीक किसून मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परता, मऊ राहिलं तर मसाला लवकर खराब होतो. दळल्यावर मोठ्या ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. कोमट मसाला पाकिटात भरला की आत वाफ धरते, गुठळ्या होतात, मग बुरशी. इथे घाई करू नका. इथे तुम्ही जितके चिकित्सक व्हाल तितकं थोडंच.

कायद्याचंही तसंच, ते 'नंतर बघू' म्हणून सोडायचं नाही. पण त्याला दीड वर्ष लागत नाही. मी केली तेव्हा वर्षाला 12 लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्यांना एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, मूलभूत नोंदणी पुरायची आणि शुल्क वर्षाला 100 रुपये होतं. आताची मर्यादा आणि शुल्क त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर बघून घ्या. लेबलवर घटक, निव्वळ वजन, किंमत, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि वापरायची तारीख, तुमचा पत्ता, नोंदणी क्रमांक आणि शाकाहाराची हिरवी खूण घाला. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत होते. कंपनी काढायची आत्ता काहीच गरज नाही, स्वतःच्या नावावर प्रोप्रायटरशिप पुरते. राज्यातल्या राज्यात मालाची विक्री 40 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नसते. परराज्यात किंवा ऑनलाइन बाजारपेठांवर विकायची वेळ आली की नियम बदलतात, तेव्हा सीएला गाठा.

नावाचं आणि लोगोचं काय? जे उद्या बदलता येतं ते आज पटकन ठरवा. कोपऱ्यावरच्या छपाईवाल्याकडून थोडी स्टिकरं काढून घ्या, साधे पाऊच आणा, एक हाताने दाबायचं सीलिंग मशीन आणा. नाव नाही आवडलं तर पुढची स्टिकरं वेगळी छापा. छापील पाऊच मात्र आत्ता मुळीच करू नका. ते हजारांच्या हिशेबात घ्यावे लागतात, आणि मग लेबलवरची एक ओळ बदलायची म्हटली तरी पाऊचचा ढीग घरात पडून राहतो. नाव कायमचं ठरलं की ट्रेडमार्कचा अर्ज करा. मसाले त्यात 30 व्या वर्गात येतात.

लिज्जत पापडाची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच, पण तिच्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग फारसा कुणी सांगत नाही. 15 मार्च 1959 ला गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. इथवर सगळ्यांना माहीत असतं. मग पावसाळा आला आणि पापड वाळेनात. पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला, खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. काम पावसाळ्यातही चालू राहिलं. मुंबईत पाऊस पडणार हे त्या बायकांना मार्चमध्ये माहीत नव्हतं का? गिरगावात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. वाळवणाची सोय झाल्यावरच सुरू करू म्हणाल्या असत्या तर 1959 चा मार्च तसाच गेला असता.

सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. ज्यांनी 80 रुपये दिले त्या छगनलाल पारेखांनी सांगितलं की हलका माल करायचाच नाही, आणि हिशेब चोख ठेवायचा. म्हणजे गुणवत्तेचा आग्रह पहिल्यापासून होता, फक्त तो पापडाबद्दल होता. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये होती. हा आकडा तुमच्या एक्सेलच्या पहिल्या ओळीशेजारी लिहून ठेवा.

त्या एक्सेलबद्दलही मोकळेपणाने सांगते. पाच वर्षांचा तो डोलारा एकाच आकड्यावर उभा असणार, महिन्याला किती पाकिटं जातील. तो आकडा तुम्ही अंदाजाने भरलाय, कारण दुसरा मार्गच नव्हता. तो अंदाज सहा महिने घासला तरी अंदाजच राहणार. तो फक्त गिऱ्हाईक सांगू शकतं, तेही पैसे मोजल्यावर.

मला वाटतं, तुम्हाला अडवतंय ते वेगळंच. मसाला एक्सेलमध्ये आहे तोवर त्याला कुणी नावं ठेवू शकत नाही. आणि हा मसाला तुमचा नाही, आईचा आहे. कुणी नाक मुरडलं तर ते तिच्या हाताला लागणार, ही भीती खरी आहे आणि मला ती पूर्ण कळते. आईशी यावर बोला. आयुष्यभर पंक्तीला वाढणाऱ्या बाईला 'तिखट झालंय' ऐकायची सवय तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

मग दोन किलोचा घाणा करा. 50 ग्रॅमची 40 पाकिटं होतील. फुकट एकही वाटू नका. फुकट मिळालेल्या मसाल्याला सगळे छानच म्हणतात, नातेवाईक तर विकत घेऊनही छानच म्हणतात. ऑफिसमधले, सोसायटीतले, आईच्या भिशीतले, ज्यांना तुमचं मन राखायची गरज नाही अशांना विका. किंमत लावताना कच्चा माल, घट, गॅस, दळण, पाऊच आणि आईच्या वेळेचा मोबदला, सगळं धरा. घरगुती व्यवसायात आईचे कष्ट शून्य रुपये धरले जातात आणि मग धंदा 'फायद्यात' दिसतो, याची मला मनापासून चीड आहे. दुकानदारांकडे इतक्यात जाऊ नका, कमिशन आणि उधारी दोन्ही झेपायला हवं.

पाकिटं गेली की तीन-चार आठवडे थांबा आणि एकच गोष्ट वहीत लिहा: कुणी आपणहून पुन्हा मागितलं? माझ्या एका गिऱ्हाईक बाई पहिल्या खेपेनंतर म्हणाल्या, "मसाला चांगलाय गं, पण आम्ही दोघंच. 200 ग्रॅम संपेपर्यंत त्याचा वास उडून जातो." तेव्हापासून छोटं पाकीट सुरू झालं आणि आज तेच सगळ्यात जास्त खपतं. घरी बसून पाकिटाचा आकार ठरवताना ही गोष्ट कुणाच्याही डोक्यात आली नसती.

पुन्हा मागणी आली तर दुसरा घाणा थोडा मोठा करा. नाही आली तर घेतलेल्यांना विचारा की कशात घातला, काय कमी वाटलं, घरात आधीचा कुठला मसाला असतो. प्रमाण, आकार किंवा किंमत यातलं एका वेळी एकच बदला, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. तीन-चार घाणे होऊनही कुणी परत आलं नाही, तर हा मसाला या लोकांना नकोय असं समजा आणि थांबा. तोवर तुमचे काही हजार रुपये गेलेले असतील. नोकरी शाबूत असेल, आणि आईच्या मसाल्याचं प्रमाण पहिल्यांदाच ग्रॅममध्ये लिहिलेलं असेल.