ऑपरेशनआधी स्वतःच्या नाकाकडे बघा

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझा गुडघा बदलायचा आहे. शेजारच्या वहिनींना अशाच ऑपरेशननंतर ‘एमआरएसए’ झाला आणि सांधा पुन्हा उघडावा लागला. मी आधीपासून काय करू? (गृहिणी, ६४, फोंडा)

स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू दहांतल्या साधारण तिघांच्या नाकात काही त्रास न देता राहत असतो. त्यातला नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद न देणारा प्रकार म्हणजे एमआरएसए. मेथिसिलिन हे अँटिबायोटिक १९५९ साली आले आणि १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला पुरून उरणारा जंतू सापडलासुद्धा! लोक सगळे खापर ऑपरेशन थिएटरवर फोडतात, पण पुष्कळदा जंतू रुग्णाच्याच नाकातून किंवा कातडीवरून जखमेत उतरतो. कृत्रिम सांध्यावर तो चिकट थर करून बसला की औषध त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही.

नाकाचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने तपासणीसाठी नमुना, घेणार का, हे सर्जनना आत्ताच विचारा. कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायला, दोन-तीन दिवस लागतात. आदल्या दिवशी विचारून उपयोग नाही. जंतू निघालाच तर सहसा म्युपिरोसिन मलम दोन्ही नाकपुड्यांत दिवसातून दोनदा, ५ दिवस, आणि रोज क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक द्रावणाने आंघोळ, असा उपाय देतात. या आंघोळीत खूपजण घोळ घालतात. अंग ओले करून नळ बंद करायचा, द्रावण मानेखाली सगळीकडे चोळून दोनेक मिनिटे तसेच ठेवायचे, मग धुवायचे. काखा, बेंबी, गुडघ्यामागची घडी विसरू नका; डोळ्यांत, कानांत जाऊ देऊ नका. नंतर पावडर नको आणि न्हाल्यावर खोबरेल चोपडायची आपली सवयही तेवढे दिवस बंद. टॉवेल रोज धुतलेला हवा. पावसात तो सुकत नाही, ठाऊक आहे, इस्त्री फिरवा.

आणि पायावरचे केस घरी ब्लेडने काढू नका. बारीक ओरखड्यांतून जंतूला वाट मिळते. गरज पडली तर हॉस्पिटलात क्लिपरने काढतील.

प्रश्न : बायपास ठरली आहे, मधुमेह आहे. घरात अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्यात. खबरदारी म्हणून आठवडाभर आधी घेतल्या तर? (निवृत्त शिक्षक, डिचोली)

मुळीच नको, सर. त्याने लेचेपेचे जंतू मरतात आणि निबर तेवढे उरतात. ऑपरेशनचे अँटिबायोटिक कापण्याच्या थोडे आधी शिरेतून देतात, बहुधा तासाभराच्या आत. एमआरएसए असल्यास व्हॅन्कोमायसिन लागू शकते. ते सावकाश सोडावे लागते, म्हणून लवकर सुरू करतात. तेव्हा पूर्वी कधी एमआरएसए झाला असेल किंवा पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपण होऊन सांगा. तुमचा खरा धोका साखरेत आहे. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. विडी-सिगरेट असेल तर आजच सोडा. ऑपरेशनआधी चार आठवडे मिळाले तर उत्तम.

प्रश्न : आईचा स्वॅब पॉझिटिव्ह आला. घरात लहान मूल आहे. तिची ताटवाटी वेगळी ठेवू? ऑपरेशन रद्द होईल? (म्हापसा)

ताटवाटी वेगळी नको, म्हातारीला उगाच वाळीत टाकल्यासारखे होईल. नाकात जंतू असणे म्हणजे आजार नव्हे. टॉवेल, नखे कापायचे यंत्र तेवढे वेगळे ठेवा आणि सगळ्यांनी हात धुवा. मलम-आंघोळीसाठी तारीख काही दिवस पुढे जाईल. तातडीचे ऑपरेशन त्यासाठी अडत नाही. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) हलवावे लागले तर रिपोर्ट फाइलमध्ये वर दिसेल असा ठेवा.

प्रश्न : ऑपरेशन चवथीनंतर लगेच आहे. अख्खा वाडा भेटायला येईल, नाही कसे म्हणायचे? (काणकोण)

तुम्ही म्हणू नका, सुनेला म्हणू दे! येणाऱ्यांनी हात स्वच्छ करावेत, खाटेवर बसू नये, ड्रेसिंगला बोट लावू नये. अंगारा कपाळाला, जखमेवर नाही. ड्रेसिंगला येणाऱ्या डॉक्टर-नर्सना ‘हात धुतलेत ना?’ असे विचारायला संकोच नको. घरी गेल्यावर ताप आला, जखम लाल-गरम झाली, पू आला तर हळद लावत बसू नका, फार्मसीतून गोळ्याही आणू नका. ज्यांनी ऑपरेशन केले त्यांनाच दाखवा. कृत्रिम सांधा किंवा हृदयाची झडप बसवली असेल तर ही नजर वर्षभर ठेवावी लागते.