गॉथिक खुर्ची म्हणजे लहान केलेले चर्च आहे काय?

गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या युरोपीय शैलीतले, फर्निचर मध्ययुगीन चर्चवास्तूंमधून कसे आले आणि दिवाणखान्यासाठी तशा सहा खुर्च्या करून घ्याव्यात का, असे आपण विचारले आहे. यातल्या पहिल्या प्रश्नावर मी एकदा नापास होता होता वाचलो आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

१९८९ साली, इंटिरिअर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला, मी टोकदार कमानींच्या पाठीची खुर्ची सादर केली. आमच्या सरांच्या मते गॉथिक फर्निचर म्हणजे इमारतीचीच लहान नक्कल. खिडकीची कमान उचलावी आणि पाठीत बसवावी. मी सागवानाच्या एकाच रुंद फळीतून कमानींची जाळी कापून घेतली. आराखडा पाहताच मिस्त्री म्हणाले होते, "वळणावर लाकूड आडवं येतंय, तिथेच तुटणार." मी ऐकले नाही. परीक्षक खुर्चीत बसून मागे रेलले आणि मधली कमान नेमकी त्याच जागी मोडली. सरांनी दोष मिस्त्रींच्या हाताला दिला आणि मी गप्प बसलो, हे मला आजही खुपते.

दगडी कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर दाबला जातो आणि दाब सोसणे हा दगडाचा गुणच आहे. लाकडाचे बळ मात्र तंतूंच्या दिशेने असते, आडव्या तंतूंवर ताण आला की ते फाटते. युरोपातल्या सुतारांना हे ठाऊक होते. पंधराव्या शतकात तिथे जो प्रकार रुळला, त्यात जाड उभ्या-आडव्या पट्ट्या कुसू (पट्टीच्या टोकाची जीभ) आणि खाचेने जोडून चौकट करीत आणि तिच्या खोबणीत पातळ फळी न चिकटवता सैल बसवीत, म्हणजे हवामानाप्रमाणे ती फुगली-आकसली तरी तडकत नसे. कमान कोरायची ती या फळीच्या अंगावर, जिथे भार नाही. पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या चर्चमध्ये ११४४ पर्यंत उभ्या राहिलेल्या भागातही भार खांबांनी आणि छताच्या कमानदार फासळ्यांनी पेलला आणि मधल्या भिंती काचेला मोकळ्या झाल्या. इमारतीचे आणि फर्निचरचे खरे नाते हे आहे, भार पेलणाऱ्या चौकटीचे, टोकदार कमानीचे नव्हे. कापडाच्या चुण्यांसारखे लिननफोल्ड कोरीवकाम घ्या: ते कोणत्याही इमारतीवरून उचललेले नाही, रंधा तंतूंच्या दिशेने चालवणाऱ्या सुताराची ती स्वतःची करामत आहे.

नकलेची खोड केवळ आमच्या सरांची नव्हती. पुजिन या इंग्रज वास्तुकाराने १८२७ मध्ये, पंधराव्या वर्षी, विंडसर किल्ल्यासाठी, म्हणजे इंग्लंडच्या राजघराण्याच्या निवासस्थानासाठी, गॉथिक फर्निचर रेखाटले आणि १८४१ मध्ये छापील कबुली दिली की आपणही त्यात असलेच अपराध केले. अशा खोलीत राहून टोके-कंगोरे न लागता जो बाहेर पडेल तो नशीबवान, अशी थट्टाही केली.

सरांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधले सुमारे १३०० सालचे राज्याभिषेकाचे ओकचे सिंहासन उघडउघड इमारतीसारखेच आहे, त्रिकोणी शिखरासकट. पण ते आधी कांस्यात घडवायला घेतले होते. खर्च परवडेना म्हणून लाकडावर आले, म्हणजे तो आकार मुळात लाकडासाठी योजलेला नव्हता.

सहा खुर्च्यांबद्दल: दिवाणखाना लहान असेल तर दोन पुरेत. आराखडा मात्र डिझायनरने मंजूर करण्याआधी सुताराला दाखवा, आणि त्याने एखाद्या वळणावर बोट ठेवले तर ते वळण बदला.