सोलापुरात जॅझमास्टर घ्यावी का? तारा निसटतात म्हणे

तुम्ही विचारलंय की स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर गिटार) विकून ऑफसेट, म्हणजे तिरक्या कंबरेच्या बॉडीची फेंडरची इलेक्ट्रिक गिटार जॅझमास्टर घ्यायची मनात आहे, पण तारा ब्रिजवरून (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) निसटतात असं ऐकलंय आणि इथं सोलापुरात ती दुरुस्त कोण करणार. माझ्याकडे सहा वर्षांपासून आहे, फेंडरच्याच स्वस्त ब्रँडची, स्क्वायरची, पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसनं मांडीवर धरून आणलेली. बिनधास्त घ्या, फक्त तारा जाड लावा.

निसटतात हे खरंय. दुकानदारानं माझ्या गिटारला ९ च्या (पहिली तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची) बारीक तारा चढवून दिल्या होत्या आणि गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात जोरात स्ट्रम करताना सहावी तार सॅडलच्या (ब्रिजवर प्रत्येक तारेखाली असतो तो तुकडा) एका आट्यातून उडून शेजारच्या आट्यात जाऊन बसली, राहिलेलं गाणं सगळं बेसूर. लै वाईट वाटलं, रात्री विकायचंच ठरवलं होतं. मग वाचत गेलो तेव्हा कळलं की फेंडरनं ही १९५८ साली जॅझवाल्यांसाठी काढली, तेव्हा लोक जाड फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्यांच्या, गुळगुळीत) तारा लावायचे. हिचे सॅडल म्हणजे बोल्टसारखे, अंगावर बारीक आटे, आणि टेलपीस (तारांची मागची टोकं अडकतात तो भाग) ब्रिजपासून बराच मागं, त्यामुळं तार ब्रिजवर नीट वाकतच नाही, बारीक तारेचा दाब पडत नाही मग ती पळते. जॅझवाल्यांनी काही हिला फार जवळ केलं नाही, सर्फ रॉक वाजवणाऱ्या पोरांनी उचलली, आणि पुढं सेकंडहँड स्वस्तात मिळायला लागली तेव्हा सॉनिक यूथ बँड, गिटारवादक जे मॅसिस अशा रॉकवाल्यांनी.

तर ११ चा सेट लावा. मग नेक (गिटारची मान) खोलून ती बसते त्या खाचेत, म्हणजे पॉकेटमध्ये, ब्रिजकडच्या टोकाला जाड कागदाची पट्टी घाला, मी जुन्या लग्नपत्रिकेची कापून घातली होती. त्यानं नेक किंचित मागं झुकते, ब्रिज वर उचलावा लागतो आणि तारांचा कोन वाढतो, दाब वाढतो. सॅडलचे बारीक स्क्रू वाजताना हलून खाली बसत असतील तर उंची ठरवून झाल्यावर थेंबभर नेलपॉलिश लावा, घट्ट बसतात. अ‍ॅलन की, स्क्रूड्रायव्हर आणि एक मोकळा रविवार, एवढंच लागतं. इथं लुथियर (गिटार बनवणारा-दुरुस्त करणारा) शोधत बसू नका, ही गिटार आपल्या हातानंच शिकायची आहे आणि शिकली की तिच्यावर जो जीव बसतो तो स्ट्रॅटवर माझा कधी बसला नाही.

दुसरं, आपल्याकडचा उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये लाकूड सुकून आकसतं, फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बोटाला टोचायला लागतात आणि नेकचा बाकही बदलतो. कूलरसमोर उघडी ठेवू नका, रात्रभर ओलावा आणि दिवसा कोरडं असं सारखं होतं. केसमध्येच ठेवा.

हिचे पिकअप (तारांचा आवाज पकडणारे) सिंगल कॉइल, एकेरी गुंडाळीचे आहेत म्हणजे हम (घुंघुं आवाज) येणारच, जुन्या घरात अर्थिंग नसेल तर जास्तच. आधी अर्थिंग बघून घ्या. स्विच मधे ठेवलात की दोन्ही पिकअप एकत्र वाजतात, त्यांचं वाइंडिंग एकमेकांच्या उलट असतं म्हणून हम दबतो.

वरच्या बाजूच्या छोट्या सरकत्या स्विचनं घाबरू नका. तो ऱ्हिदम सर्किटचा, हात लागून सरकला की आवाज एकदम जाड आणि मंद होतो. माझ्या भावाला वाटलं गिटार बिघडली, तासभर केबल बदलत बसला होता. मला मात्र रात्री उशिरा हळू वाजवायला तोच आवाज सगळ्यात आवडतो.

बसून वाजवत असाल तर कंबरेचा तो तिरका आकार मांडीवर असा बसतो की उठावंसंच वाटत नाही. ट्रेमोलोनं (सूर वरखाली करायच्या दांडीनं) हळू लहरी घ्या, खूप खाली दाबायसाठी तो बनलेला नाही. फेंडरची जॅग्वारही बघत असाल तर तिचं स्केल (तारेची वाजणारी लांबी) २४ इंच, जॅझमास्टरचं साडेपंचवीस, म्हणजे जॅग्वारवर तारा अजून ढिल्या पडतात, ११ च्या खाली जाऊच नका.

आणि तुमची स्ट्रॅटची हार्ड केस विकताना ठेवून घेऊ नका, ही बॉडी लांब असते, त्यात बसत नाही.