'पाठ चांगला झाला' या पत्रांचं काय करायचं?

प्रश्न : आमचे बी.एड.चे छात्राध्यापक आंतरवासितेसाठी (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावासाठी) पेठ, सुरगाण्याच्या शाळांत विखुरलेले असतात. ईमेलवर रोजचे अनुभव मागवले, तर सगळ्यांचं एकच: 'पाठ चांगला झाला, मुलांनी छान प्रतिसाद दिला.' काय करावं?
– एक प्राध्यापिका, नाशिक

उत्तर : या पत्रांना गुण असतील तर आधी ते काढा, गुण आले की अडचण कुणी लिहीत नाही. 2014 च्या एनसीटीई (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) नियमांनुसार आंतरवासिता 20 आठवड्यांची. रोज लिहायला लावलं तर नुसता रतीब घातला जातो. आठवड्याला एकच पत्र, एकाच प्रसंगावर, त्याच दिवशी टिपलेलं: मी काय विचारलं, मूल नेमकं काय बोललं, मग मी काय केलं.

समजा, 'एक छेद तीन मोठा की एक छेद चार?' यावर मुलगी 'एक छेद चार' म्हणाली आणि छात्राध्यापकाने 'चूक' म्हणत पुढच्याला विचारलं. या पत्राला तुमच्या उत्तरात उपदेश नको. 'तिने फक्त 3 आणि 4 ची तुलना केली असेल का? हे कसं तपासाल?' एवढंच विचारा. दोन दिवसांत उत्तर पाठवा, नाहीतर तो धडा संपून वर्ग पुढे गेलेला असतो. मुलांची खरी नावं पत्रात नकोत. रेंज नसेल तिथे मसुदा फोनमध्येच लिहून ठेवायला सांगा.