मे महिन्यात नळाला पाणी येते का, हे आधी विचारा

प्रश्न : सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. दोघांची मिळून पेन्शन ४२ हजार. फ्लॅट विकून तळेगाव, सासवड किंवा वाईला जावे म्हणतो. स्वस्त आणि सुरक्षित कुठले?

उत्तर : आधी फ्लॅट विकण्याचे थांबवा. इमारत जुनी आहे, म्हणजे आज ना उद्या पुनर्विकासाचा विषय निघणार. तो झाला तर लिफ्टसकट नवे घर मिळते आणि बांधकाम चालू असेपर्यंत बिल्डर भाडे देतो. विषय खरोखरच निघत नसेल तर फ्लॅट भाड्याने द्या आणि त्या पैशात ११ महिने बाहेरगावी राहून पाहा. सुरुवात एप्रिलमध्ये करा, म्हणजे मे महिन्याचे पाणी आणि जुलैची ओल दोन्ही एकाच करारात कळतात. भाडेकरार (लीव्ह अँड लायसन्स) नोंदवलाच पाहिजे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यामुळे फसलेला प्रयोग फार महाग पडत नाही. उलट फ्लॅट विकून गेलात आणि परत येऊन पुणे मनपा हद्दीत ६० लाखांचा फ्लॅट घेतला तर ७ टक्क्यांनी ४ लाख २० हजार मुद्रांक आणि ३० हजार नोंदणी फी जाते, ती परत येत नाही. (एकट्या पत्नीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक १ टक्का कमी.)

गावांपैकी आमचे मत तळेगावला. गावातच मेडिकल कॉलेजचे रुग्णालय आहे आणि पुण्याला लोकल आहे. दुपारी गाड्या विरळ असतात, म्हणून डॉक्टरची वेळ लोकल बघून घ्यावी लागते. घर स्टेशनपासून चालत जाता येईल असे घ्या. लांबच्या वसाहतीत स्वस्त मिळालेले घर रिक्षाभाड्यात महाग होते. सासवडची हवा कोरडी, सांध्यांना बरी, पण पुरंदर अवर्षणप्रवण तालुका आहे. शिवाय हडपसरच्या रुग्णालयाला जायचे तर दिवे घाट मध्ये येतो आणि पालखीच्या दिवशी तो वाहतुकीला बंद असतो. वाईत बाजार हाताशी आहे. मात्र मोठ्या उपचारांना सातारा जवळ, पुणे नव्हे. तुमचे डॉक्टर पुण्यातच असतील तर वाईचा विचार सोडा.

सोसायटी पाहताना सेक्रेटरीपेक्षा वॉचमनला टँकर किती येतात ते विचारा आणि मार्च ते जूनची टँकरची बिले मागा. माणशी रोज १३५ लिटर धरले तर ६० घरांत, घरटी तिघे, रोज सुमारे २४ हजार लिटर लागते. म्हणजे नळ आटला की १० हजार लिटरचे अडीच टँकर. तो खर्च मेंटेनन्समध्ये येतो, जाहिरातीत नाही.

प्रश्न : सिंहगड रस्त्याला नदीजवळ चौथ्या मजल्यावर फ्लॅट स्वस्त मिळतोय. चौथ्या मजल्यावर पुराची काय भीती?

उत्तर : पाणी घरात येणार नाही, पण तुम्ही खाली उतरू शकणार नाही. मीटर, पाण्याचा पंप आणि लिफ्टचा खड्डा तळमजल्यावर असतात. तिथे पाणी शिरले की लिफ्ट, वीज आणि नळ एकदमच बंद. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून विसर्ग झाला तेव्हा एकतानगरीत लोकांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. दोन्ही रेषा विकास आराखड्याच्या नकाशात पाहा. इमारत लाल रेषेच्या आत असेल तर सत्तरीच्या माणसाने ती घेऊ नये. याच रस्त्याच्या किरकटवाडी, नांदोशी भागात २०२५ च्या सुरुवातीला जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. विहिरीचे पाणी येत असेल तर क्लोरीन कोण घालते, हेही विचारून घ्या.

प्रश्न : ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीत ठेव भरायची आहे. करारात काय पाहावे?

उत्तर : तीन कलमे. मासिक शुल्क दरवर्षी किती टक्क्यांनी वाढेल, दोघांपैकी एक गेल्यावर शुल्क किती कमी होईल आणि सोडून गेल्यास ठेव किती दिवसांत परत मिळेल. "नियमानुसार" एवढेच लिहिले असेल तर सही करू नका. महारेराने (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारे राज्याचे प्राधिकरण) २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी निकष घातले आहेत. त्यात ९०० मिलिमीटरचे दरवाजे, बाथरूमला आधाराच्या दांड्या आणि व्हीलचेअरसाठी उतार हे येते. नमुना घरात टेप घेऊन जा आणि सर्वांत आधी बाथरूमचे दार मोजा, कारण कंजुषी तिथेच झालेली असते.