इंटरव्ह्यू छान झाला, मग ग्रीन कार्ड अडलं कुठे?

मी न्यू जर्सीत फॅमिली काउन्सेलिंग करते आणि आपल्या मराठी जोडप्यांकडून हा प्रश्न सारखा येतो, की ताई, इंटरव्ह्यू होऊन इतके महिने झाले, ऑफिसर छान हसून बोलला होता, मग निर्णय का येत नाही, आमचं काही चुकलं का?

मागे एक जोडपं आलं होतं (तपशील थोडे बदललेत). ती सांगलीची, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर शिकायला आलेली, नवरा सिटिझन. ऑफिसरने शेवटी "निर्णय पोस्टाने कळवू" म्हणून एक कागद हातात दिला. तेव्हापासून रोज रात्री फोनवर केस स्टेटस बघायचं आणि मग भांडायचं. कारण काय, तर लग्नानंतर पहिल्यांदा कुठे राहिलात असं विचारल्यावर तो एडिसन म्हणाला आणि ती इझलिन, घर एकच, दोन्हीच्या हद्दीवरचं! पण "तुझ्यामुळेच अडलंय" हे वाक्य घरात इतक्यांदा बोललं गेलं की तो बोलायचाच बंद झाला, आणि त्यात सांगलीहून आईचा फोन, अगं कार्ड आलं का.

मला अगदी मनापासून वाटतं की या शांततेचा अर्थ आपण स्वतःवर ओढून घेतो. इंटरव्ह्यू झाला म्हणजे फाइल संपली असं नसतं. एफबीआयची नाव आणि बोटांच्या ठशांची तपासणी बाकी असू शकते, वरिष्ठाची सही लागते, जुनी फाइल दुसऱ्या ऑफिसमधून यायची असते, आणि नोकरीवरून अर्ज असेल तर भारतीयांच्या रांगेत बऱ्याचदा व्हिसा नंबरच (दरवर्षीच्या ठरावीक कोट्यातली जागा) शिल्लक नसतो, मग इंटरव्ह्यू कितीही चांगला होवो. सिटिझनच्या नवऱ्या-बायकोला ती नंबरची रांग नसते, हे तिला माहीतच नव्हतं, ती ग्रुपवरचं सगळं वाचून घाबरत होती. तिथेच कोणीतरी सांगितलेलं की १२० दिवस झाले की कोर्टात जाता येतं, पण तो नियम सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूचा आहे, ग्रीन कार्डचा नाही.

कायद्याचं काम वकिलाचं, म्हणून मी त्यांना सगळे कागद घेऊन एकत्र वकिलाकडे जायला सांगितलं, एकटं नाही, दोघांनी. पुढे खरंच आणखी कागद मागणारं पत्र आलं, आणि त्यात एडिसन-इझलिनचा उल्लेखसुद्धा नव्हता. जन्मदाखल्यावर तिचं नावच नव्हतं, बारशाआधी नोंद झालेली, नावाची जागा कोरी. आपल्याकडे कितीतरी जणांचं असंच असतं. मग शाळा सोडल्याचा दाखला, आत्या आणि मावशीची प्रतिज्ञापत्रं, सगळं सांगलीहून मागवून पत्रातल्या मुदतीच्या आत पाठवलं, कारण मुदत चुकली तर अर्ज तिथेच नामंजूर होऊ शकतो.

मधेच वडिलांचं ऑपरेशन निघालं आणि ती तशीच निघणार होती. वकिलाने थांबवलं म्हणून बरं, कारण तिच्यासारख्यांनी अॅडव्हान्स पॅरोल (अर्ज चालू असताना बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी) हातात नसताना देश सोडला तर अर्ज सोडून दिला असं धरतात. ते हातात आल्यावरच गेली, तोवर रोज वडिलांना व्हिडिओ कॉल.

कार्ड आलं ते दहा वर्षांचं. मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली असली की दोन वर्षांचं कंडिशनल कार्ड मिळत नाही आणि पुन्हा अटी काढायचा अर्जही करावा लागत नाही, म्हणजे ज्या उशिरावर ती रडत होती त्याने तिचा एक मोठा व्याप वाचवला.

ज्यांना पत्रही येत नाही त्यांनी पत्ता बदलला असेल तर तो दहा दिवसांच्या आत यूएससीआयएसला (हे अर्ज बघणारं अमेरिकेचं सरकारी खातं) कळवलाय ना ते आधी बघा. मग वेबसाइटवर दिलेली नेहमीची मुदत उलटली असेल तर चौकशी टाका, आपल्या भागातल्या काँग्रेस (अमेरिकेची संसद) सदस्याच्या ऑफिसला लिहा, ते विचारणा करतात आणि पैसे लागत नाहीत. फारच लांबलं तर फेडरल कोर्टात दावा करायचा की नाही ते वकिलाशी बोला. आणि स्टेटस बघायचंच असेल तर आठवड्यातून एकदा, दोघांनी मिळून, आणि झोपायच्या वेळी तर नकोच.