वाचकांचे प्रश्न : नवेगावबांधला जावे का, आणि कशासाठी?

प्रश्न : दिवाळीनंतर वृद्ध आईवडील आणि दहा वर्षांची मुलगी यांच्यासह गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधला जाण्याचा विचार आहे. नातेवाईक म्हणतात की तिथे वाघ दिसेलच याचा भरवसा नसतो, त्यापेक्षा ताडोब्याला जा. या लहानशा गावात दोन दिवस घालवण्यासारखे काय आहे?
— एक वाचक, अकोला

उत्तर : वाघ पाहणे हाच एकमेव हेतू असेल, तर नातेवाइकांचा सल्ला योग्य आहे. मात्र नवेगावबांध हे मुळात तलावाचे गाव आहे, जंगल त्याच्या भोवतीने येते, आणि हे ध्यानात घेऊन गेल्यास दोन दिवस अपुरे पडतील.

गावाच्या नावातला बांध म्हणजेच हा तलाव. टेकड्यांच्या खोलगट भागात, उताराच्या तोंडाशी मातीची पाळ घालून तो माणसांनी घडवला आहे. कोलू पाटील कोहळी यांनी तो सुमारे तीनशे वर्षांपूर्वी बांधला असे परंपरा सांगते. भोवतीच्या सात टेकड्यांना लोक सातबहिणी म्हणतात, त्यांनीच कोलू पाटलांना या कामी साहाय्य केले अशी श्रद्धा आहे, आणि स्वतः कोलू पाटील आज कोलासूर देव म्हणून पुजले जातात. तलाव बांधणाऱ्या माणसाला देवत्व देणारा हा मुलूख आहे, आणि ते का दिले हे पाळीवर उभे राहिल्यावर कळते : एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला त्या पाण्यावर पिकणारी धानाची शेते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. पूर्वी ते मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकांच्या, ताब्यात होते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि लोकांच्या तोंडी त्यांचे नाव ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, असे झाले. पाळीत बसवलेले तुडुम, म्हणजे शेताला पाणी सोडण्याचे पायऱ्यापायऱ्यांचे जुने द्वार, एखाद्या लहान तलावावर मुलीला अवश्य दाखवावे. पाण्याची पातळी उतरेल तसे वरून खाली एकेक तोंड उघडत जायचे, इतकी सोपी आणि पक्की ही रचना आहे. अनेक तलाव आज गाळाने उथळ झाले आहेत, काहींना बेशरम नावाच्या तणासारख्या झुडपाने वेढले आहे. ते पाहून वाईट वाटते. परंतु तेही पाहावे, कारण पाळ आणि गाळ यांची दरवर्षी काळजी घेतली नाही तर काय होते हे त्यातून स्पष्ट दिसते.

सकाळी लवकर तलावावर जावे. त्या वेळी मासेमारी करणारे ढिवर बांधव डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, जाळी ओढत असतात. त्यांच्याशी आदराने बोललात, तर कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आधाराने राहतो, शिंगाडा केव्हा निघतो, हे कोणत्याही माहितीफलकापेक्षा नेमके कळेल. काठाजवळच्या कमळपानांवर कमळपक्षी चालताना दिसल्यास दुर्बीण त्याच्या पायांवर लावा. बोटे इतकी लांब आणि पसरट असतात की शरीराचा भार विभागला जाऊन पान बुडत नाही. थंडी वाढू लागली की चक्रवाक आणि तलवार बदक यांसारखे हिवाळी पाहुणे या भागातील तलावांवर उतरतात, त्यामुळे नोव्हेंबर संपता संपता गेल्यास अधिक लाभ होईल.

दिवाळीनंतर जाण्याचा आणखी एक फायदा आहे. भाऊबिजेपासून झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते, दंडार हे लोकनाट्य होते, आणि गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या नाटक मंडळींचे प्रयोग रात्रभर रंगतात. आपल्या मुक्कामाच्या आसपास मंडई असल्यास सफारी सोडून द्यावी लागली तरी चालेल, पण नाटक चुकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्री थंडी बोचते. वडिलधाऱ्यांसाठी शाल आणि बसायला सतरंजी बरोबर ठेवावी.

प्रश्न : कसे जावे? वृद्धांना झेपेल का? आसपास आणखी काय आहे?

उत्तर : नागपूरहून भंडारा आणि साकोली करत कोहमारा गाठावे व तेथून दक्षिणेकडे वळावे. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. रेल्वेने यायचे झाल्यास गोंदिया–बल्लारशा मार्गावरील देऊळगाव हे जवळचे स्थानक आहे, मात्र गाड्या मोजक्या असल्याने आईवडिलांसह मोटारच बरी. तलावाची पाळ सपाट आहे, त्यांना सावकाश फिरता येईल.

नवेगाव 1975 साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि 2013 साली नागझिरा, नवीन नागझिरा व कोका यांच्यासह व्याघ्र प्रकल्पात आले. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असते, आपल्या दिवसांत ते खुले असेल. एक सकाळ सफारीस द्यावी, अधिक नको. गाढवी नदीवरील इटियाडोह धरण, त्याजवळ गोठणगाव परिसरात 1970 च्या दशकापासून वसलेली तिबेटी वस्ती आणि इथल्या प्रतापगडची (साताऱ्याचा नव्हे) टेकडी ही ठिकाणे एका दिवसात होतात. प्रतापगडावर महाशिवरात्रीला यात्रा भरते आणि तिथला दर्गाही तितकाच मानला जातो; मात्र चढण असल्याने आईवडिलांनी खालूनच दर्शन घ्यावे.

प्रश्न : मुलीला सारस पाहायचा आहे. नवेगावला दिसेल का?

उत्तर : महाराष्ट्रातील सारसांचे आजचे मुख्य आश्रयस्थान गोंदिया जिल्हाच आहे, परंतु ते प्रामुख्याने जिल्ह्याच्या उत्तरेकडील धानाच्या बांध्यांत आणि तलावांकाठी राहतात. त्यामुळे परतीच्या वाटेवर गोंदियाकडे एक दिवस राखून ठेवावा. हा उडणाऱ्या पक्ष्यांतील सर्वांत उंच पक्षी आहे आणि त्याची जोडी सहसा आयुष्यभर टिकते. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उतरून जवळ जाण्याचा मोह टाळावा. शेतकऱ्याची परवानगी असली तरी उभ्या पिकात पाय ठेवू नये, छायाचित्रासाठी पक्षी उठवू नयेत आणि घरटे आढळल्यास त्याचे ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. रस्त्यावर गाडी उभी करून, आतूनच दुर्बिणीने पाहिल्यास सारस बिनघोर चरत राहतात आणि मुलीला ते निवांतपणे पाहता येतील.